आठ चाळीसचा सुरुंग

रोज सकाळी आठ एक्केचाळीसला माझा फोन वाजायचा आणि त्याबरोबर माझं डोकं उठायचं. पलीकडे अण्णा असायचे. "झाला," एवढंच म्हणायचे. काय झालं, असं मी विचारलं की म्हणायचे, "बूम. दोन. एकामागं एक." मग मी पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायचे की तो विमानाचा आवाज असणं शक्य नाही. ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे, फोन ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी आठ एक्केचाळीसला पुन्हा लावायचे.

शक्य नाही, हे सांगणं ही तर माझी नोकरीच होती. मुंबईहून चेन्नईवरून पुढे सिंगापूरला जाणारं स्वनातीत विमान, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने उडणारं विमान, सुरू झालं तेव्हा त्याच्या आवाजावर लक्ष ठेवायला पुण्यात मार्गिका कक्ष नावाचं कार्यालय उघडलं. विमानावर लक्ष संगणक ठेवायचा. आमच्या वाट्याला माणसं होती. कुणाच्या खिडक्या वाजल्या, कुणाच्या भिंतीला चीर गेली, कुणाची म्हैस बुजली, अशा तक्रारी यायच्या. मी तारीख-वेळ संगणकात घालायचे, संगणक म्हणायचा की त्या जागी आवाज पोचणं अशक्य, आणि मी तसं पत्र धाडून मोकळी व्हायचे. आठवड्याला पंधरा-वीस पत्रं. मजकूर एकच, गावाचं नाव तेवढं बदलायचं.

पण बापाला पत्र कसं धाडणार?

माझे वडील हिंदुराव निकम, वय वर्षं ऐंशी. हवाई दलात वीस वर्षं इंजिन फिटर होते, त्यातली सात जोधपूरला, जिथे वाळवंटावर लढाऊ विमानांचे सराव चालत. सार्जंट म्हणून निवृत्त झाले आणि पाटणच्या वरच्या पठारावर, आमच्या सडाकारळे गावी, येऊन राहिले. माझा धाकटा भाऊ संपत आणि त्याची बायको अलका त्यांचं सगळं करतात. मी वैशाली. गावातून शिकून बाहेर पडलेली पहिली मुलगी, त्यामुळे गावाला माझं कौतुक जरा जास्तच. त्या कौतुकाने पुढे काय केलं ते सांगणारच आहे.

आधी थोडं विज्ञान सांगते, नाहीतर माझा मूर्खपणा नीट कळायचा नाही.

विमान आवाजापेक्षा वेगाने जाऊ लागलं की ते येतंय याची खबर पुढच्या हवेला मिळत नाही, कारण खबर नेणारा आवाजच मागे पडलेला असतो. मग हवा एकदम बाजूला ढकलली जाते, दाबाच्या लाटा एकमेकींवर चढतात आणि विमानामागे त्यांचा एक शंकू तयार होतो. तो जमिनीला जिथे लागतो तिथे धडाका ऐकू येतो. एक विमानाच्या नाकाचा, लगेच दुसरा शेपटीचा. पुष्कळांना वाटतं, विमानाने आवाजाचा वेग ओलांडला की त्या क्षणी एकदाच तो होतो. तसं नाही. बोट चालत राहते तोवर तिच्यामागची लाट काठाला आपटत जाते, तसा हा धडाका वाटेवरच्या प्रत्येक गावाच्या वाट्याला येतो. म्हणून तर विसाव्या शतकातच अनेक देशांनी जमिनीवरून अशा वेगाने प्रवासी विमान न्यायला बंदी केली. कॉंकॉर्ड नावाचं विमान होतं, ते आपला खरा वेग समुद्रावर गेल्यावर दाखवायचं, आणि २००३ साली तेही बंद पडलं. लढाऊ विमानांचे सराव समुद्रावर, वाळवंटावर, नाहीतर फार उंचावर होऊ लागले. आवाज संपला नव्हता, माणसांपासून लांब नेला होता. त्यामुळे दोन पिढ्या तो न ऐकताच मोठ्या झाल्या. आमच्या कक्षातल्या एकानेही तो कधी ऐकलेला नव्हता, माझ्यासकट.

आताचं विमान जमिनीवरून उडतं ते एका जुन्याच नियमाच्या जोरावर. गरम हवेत आवाज वेगाने जातो, थंड हवेत सावकाश. अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे पन्नासच्याही खाली असते, तिथे आवाजाचा वेग ताशी एक हजार साठच्या आसपास. आपल्या अंगणात तोच बाराशेच्या वर. वरून येणारी लाट जसजशी गरम हवेत शिरते तसतशी वळत जाते, आणि विमानाचा वेग बेताचा असेल तर जमिनीला न लागताच पुन्हा वर निघून जाते. उन्हात डांबरी रस्त्यावर पाणी दिसतं ना, तिथेही हेच चाललेलं असतं. तिथे प्रकाश वळतो, इथे आवाज. तेव्हा विमानाने वरच्या थंड हवेतल्या आवाजाला मागे टाकायचं, पण खालच्या गरम हवेतल्या आवाजाच्या आत राहायचं, एवढीच युक्ती.

किती आत, ते खालच्या तापमानावर ठरतं. एका अंशाला ताशी दोन किलोमीटर असा हिशेब. त्यासाठी मार्गिकेखाली ठिकठिकाणी हवामान केंद्रं बसवली. डोकेभर उंचीचा खांब, त्यावर जाळीचा पांढरा डबा, खाली आकडे दाखवणारी पाटी. संगणक त्या आकड्यांवरून रोजच्या विमानाचा वेग ठरवतो आणि शिवाय ताशी पाच-सहा किलोमीटरचा वाव ठेवतो. चूक व्हायला जागा नाही, असं आम्ही मंत्र्यांनाही सांगितलं होतं.

यातलं एक केंद्र मी खटपट करून सडाकारळ्यात बसवून घेतलं होतं. जागा योग्य होती हे खरं, पण थोडी मिरवायची हौसही होती.

अण्णांचे फोन नोव्हेंबरात सुरू झाले. मी संपतला विचारलं तर तो म्हणाला, आवाज तर सगळ्यांनाच येतो, खाली घाटात बोगद्याचं काम चाललंय, सुरुंग उडवतात. अख्खं गाव त्याला सुरुंग म्हणत होतं. विमान म्हणणारे एकटे अण्णा. माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला. मी त्यांना सांगितलं, अण्णा, सुरुंग आहे. ते म्हणाले, "सुरुंग एकदा वाजतो. मला शिकवू नको." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ एक्केचाळीस.

मी चिडायचे. माझ्याच खात्याची बदनामी माझा बाप गावभर करत होता. चावडीवर बसून म्हणायचे, पोरीचं खातं खोटं बोलतंय. दिवाळीला मी गावी गेलेच नाही. कामाचं कारण सांगितलं, पण खरं कारण त्यांच्याशी पुन्हा तेच भांडण नको हे होतं. नोव्हेंबरअखेर केंद्राची वार्षिक तपासणी असते. नियमाप्रमाणे तिथे जाऊन बघावं लागतं. मी सरपंच शालनताईंना फोन करून केंद्राचा फोटो पाठवायला सांगितला. त्यांनी आकड्यांच्या पाटीचा जवळून काढलेला फोटो पाठवला, पाटीला झेंडूचा हार होता. मी हसले आणि "प्रत्यक्ष पाहणी केली" या रकान्याखाली सही ठोकली.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी अण्णा गावच्या शाळेत गेले. शनिवारची सकाळची शाळा, पोरं वर्गात बसलेली. अण्णांनी साडेआठला सगळ्यांना खिडक्यांपासून लांब भिंतीकडे सरकवलं, कानांवर हात ठेवायला लावले आणि स्वतः घड्याळ बघत दारात उभे राहिले. बारकी पोरं रडायला लागली. आठ चाळीसला आवाज झाला तेव्हा तर एकच कालवा. हेडमास्तरांनी संपतला बोलावून घेतलं आणि म्हातारा आवरा म्हणून सांगितलं.

मग कराडच्या डॉक्टर. मी पुण्याहून थेट तिथे गेले. सभ्य बाई होत्या, अण्णांशी अर्धा तास बोलल्या. नंतर त्यांना बाहेर बसवून मला आत बोलावलं. म्हणाल्या, "आवाज सगळ्यांना येतो, यांनाच तो विमानाचा वाटतो, म्हणजे हा भ्रम असू शकतो. पण तुम्ही त्याच खात्यात आहात. मला एकदा नीट सांगा, तिथे विमानाचा आवाज येऊ शकतो का?"

"नाही," मी म्हणाले. "शक्यच नाही."

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. माझ्या शब्दावर लिहून दिल्या, हे त्या वेळी माझ्या लक्षातही आलं नाही. परतताना गाडीत अण्णांनी विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हणाले, वयोमानाने होतं, गोळ्यांनी बरं वाटेल. सैन्यातला माणूस, वरून हुकूम आला की गोळी घेणार. त्यांनी एकही चुकवली नाही.

फोन बंद झाले. पहिले चार दिवस मला हायसं वाटलं, हे कबूल करते. मग संपत सांगू लागला की अण्णा नुसते बसून असतात, रेडिओ लावत नाहीत, जेवणावर वासना नाही. एकदा न्हाणीत पडले. अलकाने एक मूल आणि म्हातारा दोन्ही बघायचं, त्यात तिची कंबर धरलेली. त्या दोघांनाही दोष देता येत नव्हता. साताऱ्याला म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारं एक निवासी केंद्र होतं, तिथे किंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी खाट मोकळी होत होती. सोडायला आक्कानेच, म्हणजे मीच, यावं, असं संपतचं म्हणणं. त्याच्या हातून ते होणार नव्हतं. माझ्या हातून होईल असं त्याला का वाटलं, कुणास ठाऊक.

भोगीच्या संध्याकाळी मी पोचले. अण्णा अंगणात खुर्चीवर होते. मला बघून म्हणाले, "आलीस व्हय. जेवून घे." आणि पुन्हा जमिनीकडे बघत बसले. ज्या माणसाशी भांडायला नको म्हणून मी दिवाळी बुडवली, त्याच्याशी आता भांडता येत नव्हतं. मला ते सहन होईना.

संक्रांतीच्या सकाळी मी अंगणात चहा घेत होते. थंडी मरणाची, तोंडातून वाफ निघत होती. आठ चाळीस झाले आणि धड-धड असे दोन दणके बसले. पायाखालची फरशी हलली, मांडणीतल्या ताटल्या वाजल्या, गोठ्यातल्या गाईने दावं ओढलं. अण्णांनी मानही वर केली नाही.

"सुरुंग," संपत आतून म्हणाला.

मी विचारलं, आज सणाच्या दिवशीही काम चालू आहे? तेव्हा अलका म्हणाली, काम तर चार दिवस बंद आहे, बोगद्यावरची सगळी माणसं झारखंडची, त्यांचाही सण असतो, ती गावाला गेलीत. मग सुरुंग कोण उडवतंय? संपत म्हणाला, असेल दुसरी कुठली खाण. चार दिवस हा आवाज येत होता आणि सुरुंग लावणारं कुणी नाही, हा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता. मी कुणाला हसणार? मला तर त्यासाठी पगार मिळत होता.

मी तडक गाडी काढून भैरोबाच्या देवळामागे गेले, केंद्र बघायला. आणि केंद्र दिसेचना. तिथे पत्र्याची एक टुमदार खोली उभी होती. वर पत्रा, तीन बाजूंनी पत्रा, पुढच्या बाजूला फाटक. आत माझा खांब, त्याला ताजा हार, पायाशी रांगोळी आणि एक तेलाचा दिवा तेवत असलेला. पूर्वेचं कोवळं ऊन थेट पत्र्यावर येत होतं. मी पत्र्याला हात लावला, तो चांगलाच तापला होता. पत्र्याखाली राहिलेल्या कुणालाही मी हे समजावून सांगायला नको. पाटीवर आकडा होता वीस. बाहेर उभ्या माझ्या गाडीत तापमान दाखवत होतं तेरा.

सात अंश. म्हणजे ताशी चौदा-पंधरा किलोमीटर. संगणक रोज सकाळी विमानाला सांगत होता की सडाकारळ्यावरची हवा उबदार आहे, खुशाल जोर कर. आवाज वळायचा होता तो वळत नव्हता, आणि जिथे वळायच्या बेतात असतो तिथे लाटा गोळा होऊन तो उलट वाढतो. आमचं गाव पठारावर, त्यामुळे अगदी त्याच्या तोंडाशी. परतीचं विमान संध्याकाळी जायचं, तोवर पत्रा निवलेला असायचा. पावसाळ्यात ऊन नव्हतं. म्हणून नोव्हेंबर. सगळं असं धडाधड जुळत गेलं.

पुण्यात कुणाला संशय का आला नाही? कारण आमचं केंद्र आधी शेजारच्या केंद्रांपेक्षा थंड असायचं, आणि नोव्हेंबरापासून त्यांच्याबरोबरीने आलं. कक्षात आम्हाला बरंच वाटलं होतं, की चला, हे एक रांगेत आलं.

तोवर शालनताई आल्या. साठीच्या, दणकट बाई, दोनदा सरपंच झालेल्या. माझा चेहरा त्यांना कौतुकाचा वाटला असावा. त्या म्हणाल्या, "झाक झालंय न्हवं? पावसात भिजाय लागलं गं तुझं मशीन. आमच्या लेकीची वस्तू उघड्यावर, मला बघवंना. खंडेनवमीला पूजा केली, तवापास्नं दिवा हाय. एक दिस खंड न्हाई."

दर दिवशी दुसऱ्या घराची पाळी होती म्हणे. दिव्याला तेल घालायला बायका येत होत्या, माझं भलं व्हावं म्हणून. यांच्यावर ओरडायचं तरी कसं? मी मशीन बसवलं तेव्हा ते उघड्यावरच राहायला हवं, असं गावाला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. माहितीपत्रक इंग्रजीत होतं, ते मी ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवून गेले होते.

मी त्यांना काय झालं ते सांगितलं. त्यांना वेग आणि अंश कळले नाहीत, पण दोन गोष्टी चटकन कळल्या. हिंदुराव खरं बोलत होते, आणि वैशालीची नोकरी धोक्यात आहे. त्या म्हणाल्या, पत्रा आत्ता उतरवते, दुपारपर्यंत इथे काही होतं असं कुणाला कळणारही नाही. संपत मागे येऊन उभा होता, त्यालाही ते पटलं. "आक्का, मिटलं की मग. उद्यापास्नं आवाजच न्हाई. तुझं नाव कशाला पुढं?"

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही ते गोड वाटलं. पत्रा काढला की उद्या आठ चाळीसला शांतता. कक्षात कुणाला पत्ता नाही. मी धाडलेली ती शंभरेक पत्रं, आजूबाजूच्या वीस गावांना, तीही आपोआप खरी ठरली असती. मला निवृत्तीला आठ वर्षं होती.

पण मग अण्णांचं काय? आवाज गेला असता, आणि सगळे म्हणाले असते की गोळ्या लागू पडल्या. डॉक्टर म्हणाल्या असत्या, चालू ठेवा, आणि परवा साताऱ्याची खाट होतीच. आणि अण्णांनाही तेच वाटलं असतं, की आपलं डोकं फिरलं होतं. उरलेलं आयुष्य त्यांनी स्वतःवर विश्वास न ठेवता काढलं असतं. नुसता फोटो काढून अहवाल पाठवला असता तरी कक्षाने काय केलं असतं ते मला पाठ होतं. "संवेदकातील किरकोळ दोष दूर केला," संपलं. आवाज झाला होता, असं कागदावर कुणी लिहिलं नसतं. असं न लिहिण्यात मीच पटाईत होते.

मी म्हणाले, पत्र्याला कुणी हात लावायचा नाही. दिवा विझवायचा नाही. उद्या सकाळी जसं आहे तसं पाहिजे. मग मी माझे साहेब अर्णव दातार यांना फोन लावला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, हुशार, आवाजाच्या मर्यादांवर सहा वर्षं नियमावली लिहिलेले. मी त्यांना एवढंच म्हणाले की सर, उद्या साडेआठला माझ्या घरच्या अंगणात हजर राहा, नाहीतर मी वर्तमानपत्रात जाते. असं मी नोकरीत कधी बोलले नव्हते. ते म्हणाले, पत्ता पाठवा.

विमानात बसलेल्यांना धोका नव्हता, गावाला एक दणका जास्त. तरी शाळेतली पोरं खिडक्यांपासून लांब बसवायला मी हेडमास्तरांना सांगून आले. माझ्या बापाने सांगितलेलं वेगळं काय होतं?

संध्याकाळी शालनताई तिळगूळ द्यायला म्हणून घरी आल्या आणि अण्णांपाशी बसून बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण अंदाज आला. त्या गेल्यावर मी अण्णांना म्हणाले, "अण्णा, ते विमानच आहे. मी चुकले." मला वाटलं होतं ते रागावतील, निदान तोंड फिरवतील. ते नुसते म्हणाले, "उद्याच्याला कोण सायब येनार हाय म्हनं?" मी हो म्हणाले. ते उठून आत गेले.

किंक्रांतीला आमच्याकडे कुणी नवं काही करत नाही. अलका कुरकुरत होती की यांना आजचाच दिवस मिळाला. दातार आठ वाजून वीस मिनिटांनी आले, पहाटे चारला निघालेले, डोळे तांबारलेले. मी त्यांना आधी देवळामागे नेलं. त्यांनी पत्रा पाहिला, दिवा पाहिला, पाटीवरचा आकडा पाहिला आणि स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाले, काढून टाकू, प्रश्न संपला, त्यासाठी मला इथवर कशाला आणलंत? मी म्हणाले, दहा मिनिटं थांबा.

अंगणात त्यांना खुर्ची दिली. समोर अण्णा बसले होते. आज त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, दाढी केली होती, पाठ ताठ. किती दिवसांनी ते मला अण्णांसारखे दिसले. संपत आणि अलका दारात उभे होते. शालनताई कुंपणाबाहेर रेंगाळत होत्या.

आठ चाळीस.

दातारांच्या हातातल्या चहातला निम्मा त्यांच्या पँटवर सांडला. घराचं दार आपोआप उघडून परत आपटलं. दुसऱ्या दणक्याला ते उभेच राहिले. ज्या आवाजावर या माणसाने दोनशे पानांची नियमावली लिहिली होती, तो त्याने आज पहिल्यांदा ऐकला, आणि तो त्याला ओळखताच आला नाही. त्यांनी आकाशाकडे पाहिलं, घाटाच्या दिशेने पाहिलं, मग वयाने मोठे म्हणून अण्णांनाच विचारलं, "काका, कसला आवाज हा?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"सुरुंग, सायब," ते म्हणाले. "खाली बोगद्याचं काम चालू हाय. रोजचंच हाय आमाला."

त्यांचा आवाज खणखणीत होता. दीड महिना सगळ्या जगाशी, माझ्याशी, डॉक्टरांशी ते ज्या एका गोष्टीसाठी भांडले, ती त्यांनी माझ्या नोकरीसाठी एका वाक्यात सोडून दिली. दातार सुटल्यासारखे खाली बसले. "सुरुंग होय," असं म्हणत त्यांनी रुमाल काढला. दारातून संपत मला मानेने खुणावत होता, गप्प बस, गप्प बस. मला आयुष्यात इतका राग आला नव्हता. अण्णांचा, दातारांचा, त्या पत्र्याचा, आणि सगळ्यात जास्त माझा.

"नाही सर," मी म्हणाले. "ते आपलं विमान होतं. वडील खोटं बोलतायत, माझ्यासाठी. नोव्हेंबरापासून रोज येतोय हा आवाज, आजूबाजूच्या गावांतही आलाय, आणि तो येत नाही अशी पत्रं मी पाठवलीत. इथली तपासणी मी न येता केली, सही माझी आहे. हे सगळं मी लेखी देणार आहे."

"येडी झालीस काय गं तू?" अण्णा खुर्चीतून उठून माझ्यावर ओरडले. "आठ वर्सं ऱ्हायल्यात तुझी!"

कितीतरी दिवसांनी ते ओरडत होते. दातार ओल्या पँटनिशी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मी पिशवीतून कागद काढला आणि त्यांच्यापुढे धरला. माझ्याविरुद्ध काय करायचं ते सावकाश करा, म्हणाले, पण त्याआधी कराडच्या डॉक्टरांना एक पत्र जायला हवं, की हिंदुराव निकम यांनी ऐकलेला आवाज विमानाचाच होता. मजकूर मी लिहिलाय, सही तुमची पाहिजे.